गोळी तीच, किडनी वेगळी : मधुमेहाच्या औषधांचा एक इतिहास

ठाणे असो, कल्याण असो की आपली डोंबिवली, मधुमेहावर कोणी बोलायला उभं राहिलं की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो. "ह्या गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात, खरं का?" विचारणारा बहुतेक वेळा पहिल्या दोन रांगांतला असतो, आणि पुष्कळदा त्याने गोळी आधीच बंद केलेली असते. आजचं व्याख्यान ह्या प्रश्नाचा इतिहास सांगण्यासाठी आहे. आम्ही डॉक्टर नाही, औषधांचा इतिहास वाचणारी माणसं आहोत. तेव्हा इथे ऐकून कोणी घरी जाऊन गोळी बदलू नये, एवढी सूचना सुरुवातीलाच.

आम्ही ह्या विषयाकडे वळलो ते घरातल्या एका प्रसंगामुळे. साल १९९६. वडील फोर्टमधल्या एका बँकेतून निवृत्त झालेले, डोंबिवली पूर्वेला राहणारे, तीस वर्षं लोकलने गेलेले. मधुमेह पंधरा वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, ग्लिबेनक्लामाइड. त्या वर्षी साखर कधी नव्हे इतकी चांगली येऊ लागली. उपाशीपोटी ९६! आईने त्या दिवशी शिरा केला होता. बिनसाखरेचा नव्हे, चांगला साखर घालून. पथ्याचं फळ मिळालं असंच सगळ्यांना वाटलं.

तीन आठवड्यांनी पहाटे वडील दरदरून घामाने भिजलेले आणि भलतंच काहीतरी बोलत असलेले सापडले. आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. साखर ३४ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत माणूस उठून बसला, चहा मागू लागला. दुपारी घरी सोडलं. रात्री पुन्हा तेच. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "यांचं क्रिएटिनिन कधी बघितलंय?" प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या कागदांत ते निघालं. आठ महिन्यांपूर्वी लघवीच्या तक्रारीसाठी दुसऱ्याच डॉक्टरांकडे केलेला तपास. आकडा होता २.८. म्हणजे साखर उतरली होती ती पथ्याने नव्हे. किडनी थकली होती आणि रोजच्या दोन गोळ्या शरीरातून बाहेर पडेनाशा झाल्या होत्या.

आता मागे जाऊ. आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणात जन्मल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या हातात त्या दिवशी मधुमेहावर कोणतं औषध होतं? कोणतंच नाही. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी लघवीच्या गोडीवरून रोग ओळखला होता, युरोपात आहार कमी करत नेत, पण गोळी किंवा इंजेक्शन म्हणून काही नव्हतं. गंमत अशी, की त्याच १८८६ साली जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली काढलेलं फ्लोरिझिन नावाचं द्रव्य जनावराला दिलं, तर लघवीतून साखर जायला लागते. तेव्हा कोणाला त्याचा उपयोग कळला नाही. हे फ्लोरिझिन लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटणार आहे.

इन्सुलिन आलं ते १९२२ च्या जानेवारीत, टोरांटोमध्ये, लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला दिलेल्या इंजेक्शनाने. तोवर मधुमेही माणूस किडनी बिघडण्याइतका जगतच नसे. विशेषतः लहान वयात झालेला तर नाहीच. इन्सुलिनने आयुष्य वाढवलं आणि वाढलेल्या आयुष्यात नवं दुखणं दिसू लागलं. १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडातल्या गाठींचं वर्णन केलं. आज ज्याला आपण 'डायबेटिसने किडनी गेली' म्हणतो, त्याची शास्त्रीय नोंद ती.

पण आमच्या मते ह्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा टप्पा १९५१ चा आहे. झुब्रॉड, एव्हरसोल आणि डेना ह्या तीन अमेरिकन डॉक्टरांनी एक निबंध लिहिला. ह्या किमेलस्टील-विल्सन विकाराच्या रोग्यांत किडनी बिघडत जाते तसा मधुमेह सौम्य होत जातो, इन्सुलिन कमी लागतं, असं त्यांनी दाखवलं. कारण साधं आहे. टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा वाटा मूत्रपिंडच मोडून काढतं. ते काम मंदावलं, की कालचाच डोस आज जास्त होतो. शिवाय गरज पडली तर थोडी साखर बनवण्याचं कामही मूत्रपिंड करत असतं, तेही कमी होतं. त्यात भर म्हणजे किडनीच्या रोग्याची भूक मेलेली असते. तीन बाजूंनी साखर खाली ओढली जाते. १९५१ साली हे छापून आलं होतं, आणि १९९६ साली आमच्या घरी शिरा झाला.

आता गोळ्यांकडे येऊ. दोन घराणी आहेत, दोघांचे स्वभाव निरनिराळे.

पहिलं घराणं टायफॉइडच्या वॉर्डात जन्मलं. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे जाँबाँ नावाचे डॉक्टर टायफॉइडच्या रोग्यांवर एक नवं सल्फा औषध वापरून पाहत होते. रोगी घामाघूम होऊ लागले, काहींना झटके आले, काही दगावले. साखर उतरत होती. त्यांचे सहकारी लुबातिएर यांनी ह्या उपद्रवातूनच औषध ओळखलं : हे द्रव्य स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. म्हणजे ह्या घराण्याचा गुण आणि त्याचा धोका हे एकाच दिवशी जन्मलेले जुळे भाऊ आहेत. १९५० च्या दशकात टोल्ब्युटामाइड, क्लोरप्रोपामाइड आली. क्लोरप्रोपामाइड शरीरातून जाता जात नसे, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दीड दिवस लागे आणि जाण्याची वाट किडनीतूनच. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत हेक्स्ट आणि बोरिंगर मानहाइम ह्या कंपन्यांनी ग्लिबेनक्लामाइड आणलं. जुन्या गोळ्या शेकडो मिलिग्रॅममध्ये घ्याव्या लागत, ही पाच मिलिग्रॅमची. हेक्स्टचा कारखाना आणि संशोधन केंद्र मुलुंडला होतं, अगदी ठाण्याच्या वेशीवर. इथे बसलेल्यांपैकी कोणाचे तरी वडील किंवा काका तिथे नोकरीला असतीलच. डाओनिल हे त्यांच्या गोळीचं नाव जुन्या मधुमेह्यांच्या तोंडी अजून आहे.

ग्लिबेनक्लामाइड यकृतात मोडतं, म्हणून किडनीच्या रोग्याला चालेल अशी समजूत पुष्कळ काळ होती. पण यकृतात मोडल्यावर जे तुकडे होतात तेही साखर उतरवतात, आणि ते तुकडे बाहेर जातात किडनीतून. एकदा ग्लुकोज देऊन माणूस शुद्धीवर आला, घरी गेला आणि रात्री पुन्हा बेशुद्ध पडला, ह्याचा उलगडा हा असा आहे. ग्लुकोज तासाभरात संपतं, तुकडे राहतात. अशा रोग्याला एक-दोन दिवस नजरेखाली ठेवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या २०१३ च्या यादीत ग्लिबेनक्लामाइडऐवजी ग्लिक्लाझाइड आलं आणि साठीच्या पुढे ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही अशी टीप पडली. गोळी स्वस्त आहे, जुन्या चिठ्ठ्यांवर आहे, म्हणून ती अजून दिसते.

दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष एक झुडूप आहे. गॅलेगा नावाचं, युरोपातलं, मेंढ्यांनी जास्त खाल्लं तर त्या मरतात. त्यातल्या द्रव्याशी नातं असलेलं सिंथालिन १९२६ साली जर्मनीत आलं आणि यकृत-किडनीवर घाव घालतं म्हणून मागे पडलं. मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत १९२२ सालीच बनलं होतं, पण माणसाच्या मधुमेहावर ते वापरलं पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी, १९५७ साली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याचा थोरला भाऊ शोभेल असं फेनफॉर्मिन पुढे आलं. शोधलं यूएस व्हिटॅमिन नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी. १९६१ साली ह्याच कंपनीच्या भागीदारीतून मुंबईत जी कंपनी उभी राहिली, ती आज मेटफॉर्मिनची ग्लायकोमेट ही गोळी बनवते. किती घरांत ती डब्यात असेल, मोजून सांगता येणार नाही.

फेनफॉर्मिन जोरदार होतं, म्हणून अमेरिकेत तेच चाललं. मेटफॉर्मिन मवाळ म्हणून युरोपपुरतं राहिलं. पण फेनफॉर्मिन घेणारे काही रोगी अचानक धापा टाकत, पोटदुखीने, उलट्यांनी रुग्णालयात येऊ लागले. रक्तात लॅक्टिक आम्ल साचलेलं. ह्याला लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस म्हणतात. अशा रोग्यांतले निम्म्याच्या आसपास दगावत. त्यांच्यात किडनी कमजोर असलेले पुष्कळ होते. १९७७ च्या जुलैत अमेरिकेचे आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी 'तातडीचा धोका' ह्या कलमाखाली फेनफॉर्मिनची सर्वसाधारण विक्री थांबवायचा आदेश दिला. त्या कलमाचा असा वापर पहिल्यांदाच होत होता.

आपल्याकडे? भारतात फेनफॉर्मिनवर बंदी आली ती २००३ साली. सव्वीस वर्षांचं अंतर. ह्या सव्वीस वर्षांत कोणाच्या डब्यात ती गोळी होती, त्यातल्या किती जणांची किडनी अधू होती, ह्याचा हिशेब मागणारा आयोग आपल्याकडे बसला नाही. आयोग बसू शकतो हे आपल्याला ठाऊक होतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळ असलेल्या ग्लिसरॉलने चौदा रोगी मूत्रपिंडं निकामी होऊन गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला, वर्तमानपत्रं भरून गेली. पण तिथे औषधाने किडनी मारली होती. ते दिसतं, त्याचा राग येतो. इथे किडनीने औषध बिघडवलं. घरात, एकेकट्याने, पहाटे. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' एवढंच.

मघाच्या प्रश्नाचं उत्तर ह्यात आहे. मेटफॉर्मिनने किडनी जात नाही. किडनी जाते ती बहुतांशी वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. मेटफॉर्मिन न मोडता, जसंच्या तसं किडनीतून बाहेर पडतं. फेनफॉर्मिनच्या तुलनेत त्याचा लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसचा धोका दहापटीने किंवा त्याहून कमी आहे. पण बाहेर जायची वाटच बुजली तर तेही साचतं. थोरल्या भावाच्या बदनामीमुळे मेटफॉर्मिनला अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ साल उजाडलं. आणि परवानगीच्या सोबत एक लक्ष्मणरेषा आली : क्रिएटिनिन पुरुषांत १.५ आणि बायकांत १.४ च्या वर गेलं तर ही गोळी नको.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही रेषा आपल्या माणसांवर नीट बसत नाही. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. ज्याच्या अंगावर स्नायू कमी, त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी. १९७६ सालचं कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं सूत्र घ्या. वय तीस, वजन ७० किलो असलेल्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.३ आलं, तर त्याची किडनी मिनिटाला साधारण ८२ मिलिलिटर रक्त गाळते. आता वय सत्तर, वजन ४५ किलो असलेली आजी घ्या. आकडा तोच, १.३. तिची किडनी गाळते जेमतेम २८-२९. लॅबच्या कागदावर दोघांपुढे जवळजवळ सारखीच खूण. आजी १.४ च्या आत आहे, म्हणून गोळी चालू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापलं. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून कसा असतो ते त्या एका चित्राने जगाला दाखवलं. याज्ञिकांचा मुद्दा मधुमेह इतक्या लवकर का होतो हा होता. आम्हाला त्याच चित्रात दुसरी गोष्टही दिसते. चरबी जास्त म्हणजे त्या वजनात स्नायू कमी, स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन फसवं. हा आमचा तर्क आहे, त्यांच्यावर लादू नये. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्रिएटिनिनची रेषा सोडली आणि ईजीएफआर हा किडनीच्या गाळण्याचा अंदाज धरला. ३० च्या खाली मेटफॉर्मिन नाही, ३० ते ४५ च्या मध्ये नव्याने सुरू करू नये. हल्ली पुष्कळ लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा क्रिएटिनिनखाली बारीक टाइपात असतो. वाचायला चष्मा लागतो, पण असतो.

आपल्याकडची आणखी एक खास गोष्ट म्हणजे जोडगोळी. एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, कधी त्यात तिसरं पायोग्लिटाझोन. रोग्याला सोयीचं आहे, स्वस्तही पडतं. पण किडनी उतरू लागली की एक औषध अर्धं करायचं, दुसरं थांबवायचं, असं करावं लागतं. जोडगोळी सुरीने कापली तरी दोन्ही औषधं एकाच मापाने कमी होतात. आणि पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरून ठेवतं, किडनीच्या रोग्याचे पाय आधीच सुजलेले. १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ जोड-औषधांवर बंदी घातली, त्यात मधुमेहाच्याही काही होत्या. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ वर नव्याने बंदी आली. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची साधी जोडी अर्थातच चालू आहे, आणि तिचा उपयोगही आहे.

ह्यात आपल्या भागाचं काय? रेल्वे १८५३ साली ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. तेव्हापासून हळूहळू आपलं जेवण गाडीच्या वेळापत्रकाला बांधलं गेलं. गोळी सकाळी आठला घेतली, डबा उघडला दीडला, रात्रीचं जेवण साडेदहाला. तरुण किडनीला हे चालून जातं. साठीत, अधू किडनीला, सल्फा घराण्याच्या गोळीवर, ते भारी पडतं. दुसरं म्हणजे जुनी चिठ्ठी. डॉक्टर ठाण्याचे, केमिस्ट नाक्यावरचा. तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून "काका, तेच द्या" म्हटलं की मिळतं. केमिस्ट वाईट नसतो, उलट ओळखीचा असतो, म्हणूनच देतो.

आणि पावसाळा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाणे परिसरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. लेप्टो किडनीवरच घाव घालतो. पण त्यासाठी पूरच यावा लागतो असं नाही. साधे जुलाब, उलट्या, दोन दिवस पोटात काही टिकत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की चांगली किडनीही काही दिवस संपावर जाते. अशा वेळी घरातली शिस्तशीर माणसं काय करतात? न चुकता गोळी घेतात. त्यात गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी भर घालते. आजारपणात कोणती गोळी थांबवायची हे आधीच, बरं असताना, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलेलं असावं. तिकडे युरोपात ह्याला आजारपणाच्या दिवसांचे नियम म्हणतात. आपल्याकडे असा कागद आम्ही फार थोड्या घरांत पाहिला.

डायलिसिसवर पोचलेल्यांचं वेगळंच. २०१२ साली राज्यात सुरू झालेली, आज महात्मा फुले यांच्या नावाने असलेली आरोग्य योजना आणि २०१६ चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम ह्यांमुळे यंत्रापर्यंत पोचणाऱ्यांची संख्या वाढली, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, भरवशाची राहत नाही. रक्त कमी झालेलं असतं, रक्तपेशींचं आयुष्य कमी असतं, आकडा खोटा चांगला येतो. मेटफॉर्मिन तर बंदच, बहुतेक सगळी गोळ्यांची मंडळी बाद. इन्सुलिन राहतं, कमी मापाने. लिनाग्लिप्टिनसारख्या एखाद्या गोळीचा डोस किडनीप्रमाणे बदलावा लागत नाही, तिच्या भावंडांचा बदलावा लागतो.

आता ते फ्लोरिझिन. सफरचंदाच्या सालीतल्या त्या द्रव्याचे वंशज म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. २०१९ आणि २०२० साली मोठ्या चाचण्यांत दिसलं, की ह्या घराण्याच्या गोळ्या किडनीचा ऱ्हास मंदावतात. सगळ्या इतिहासात किडनी हा औषधाचा अडथळा होता, इथे ती औषधाचं लक्ष्य झाली. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि किंमत सामान्य घराच्या आवाक्यात आली. पण इथेही एक मेख आहे. किडनी कमी गाळत असेल तर ही गोळी साखर फारशी उतरवत नाही. मग रोगी म्हणतो, "उपयोग होत नाही," आणि सोडतो. दिली असते ती किडनीसाठी. उलट बाजूने, उपास, उलट्या किंवा ऑपरेशनच्या वेळी ती चालू ठेवली तर रक्तात कीटोन साचू शकतात, तेही साखर फार वाढलेली नसताना. म्हणजे घरचं ग्लुकोमीटर 'सगळं ठीक' म्हणत असतं.

वडील त्या दुसऱ्या रात्रीतून वाचले. ग्लिबेनक्लामाइड बंद झालं, थोडं इन्सुलिन सुरू झालं, पुढे चार वर्षं त्यांनी काढली. आईने त्यानंतर सगळे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेने लावायला सुरुवात केली, आणि क्रिएटिनिनच्या आकड्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायची. साखरेचा आकडा अचानक चांगला आला की ती खूश व्हायच्या आधी ती रेघ बघायची. शिरा नंतरही व्हायचा, वाढदिवसाला.

पहिल्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे. विचारा काका.